मागून धरणारा

शनवारा, बुऱ्हाणपूर
३ ऑगस्ट २०२५

निरंजन,

मोठ्या बहिणीने, चुलत असली तरी, पत्रावर आशीर्वाद लिहायचा असतो. तो मनातल्या मनात दिला, घे. शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवते, पण स्वतः शेवटचं पत्र कुणाला लिहिलं ते आठवत नाही. डॉक्टरांनी तुझा मोबाइल, टीव्ही सगळं बंद केलं. फोनवर बोललं तरी तुझ्या कानात घण पडतात असं भाईदासमामा सांगत होते, म्हणून हा उपाय. अक्षर मोठं काढलंय. उजव्या डोळ्याने थोडं थोडं वाच. मामांच्या गावी, तुकईथडला, जाणाऱ्या बसचा कंडक्टर ओळखीचा आहे, त्याच्या हाती देते.

आधी केसचं. अमोल आणि त्याच्या टोळीतली दोन पोरं जमानतीवर सुटली. तुला मागून धरणारा एक जण होता म्हणतात, तो अजून सापडलेला नाही.

मला अजून खरं वाटत नाही. एका सिरीयलसाठी भर दुपारी, शनवारा दरवाज्यापाशी, माणसाला हॉकी स्टिकने मारायचं? तू म्हणाला होतास काय, तर ‘त्रिशंकू तळ’च्या आधीची गोष्ट सांगणारी ‘त्रिशंकू: आरंभ’ येते आहे, तिच्यात सेनापती इंद्रनीलच खुनी निघणार. आगीच्या दिवशी त्या अंतराळतळाचं लोखंडी दार त्यानेच बाहेरून लावलं आणि आपलीच माणसं आत जाळली. एक अंदाज केलास. असे अंदाज तर आम्ही सगळेच करतो. पण अमोलने सेनापती दंडावर गोंदवून घेतलाय, टोळीचं नाव ‘इंद्रनील सेना’ ठेवलंय. तू व्हिडिओत त्याच्या दंडाचा फोटो लावून ‘कातिल के भक्त’ म्हणालास, ते तुला शोभलं नाही. पण त्याबद्दल कुणी डोळा फोडत नाही.

तुला रिक्षात घालून दवाखान्यात पाठवणारा कोण होता तेही कळलं नाही. माझी आई रोज त्याच्या नावाने दिवा लावते.

काय वाटतं ते लिही. सिरीयलचं मी कळवत जाईन, तुझ्यामुळेच तर मला हे वेड लागलं.

रश्मीताई


तुकईथड
१९ ऑगस्ट

रश्मीताई,

ओळी वाकड्या जातील. एका डोळ्याने पेन कागदाला कुठे टेकेल ते कळत नाही, पहिला शब्द हवेतच लिहिला.

डावा डोळा गेला. तुम्ही सगळे ‘बघू, बघू’ करता, पण डॉक्टर मामांना दाराबाहेर सांगत होते ते मी ऐकलं.

पहिला फटका गुडघ्याच्या मागे बसला. मी खाली आलो तेव्हा मला वाटलं, कुणी ओळखीचा मस्करी करतोय. दुसरा कानावर. एक दात सुटा झाला आणि मी तो जिभेने चाचपत होतो, एवढं मार खाताना तेच आठवतं. अमोल ओरडत होता, “बोल, सेनापती कातिल है? बोल.” मी ‘नहीं है’ म्हणालो असतो गं. पण तोंडातून रक्ताखेरीज काही निघेना. मग डोळ्यावर बसला. आणि मग मागून कुणीतरी दोन्ही हातांसकट आवळून धरलं. पुढे अंधार.

मारणाऱ्यांबद्दल मला काही वाटत नाही. त्यांचे चेहरे पाहिलेत, नावं माहीत आहेत, कोर्ट बघून घेईल. पण ज्याने धरलं त्याला चेहराच नाही. मी रोज मामांच्या केळीच्या बागेत काळा चष्मा लावून खुर्चीत बसतो आणि त्याचाच विचार करतो. रंभामामी म्हणते, “भाऊ, आधी जेव, मंग इचार कर.” मी जेवतो आणि पुन्हा विचार करतो.

सिरीयलचं लिही. निदान तिकडे डोकं जाईल.

निरंजन


शनवारा
७ सप्टेंबर

निरंजन,

‘आरंभ’ची झलक आली. तुझ्यासाठी मी ती थांबवून थांबवून पाहिली. धूर, लाल दिवे, पळणारी माणसं. सेनापती दारासमोर उभा आहे, पण त्याचे दोन्ही हात रिकामे आहेत. आणि त्याच्या मागे, अगदी दाराला लागून, कुणीतरी आहे. खांदा दिसतो, चेहरा नाही. बस, संपलं.

ग्रुपवर तेव्हापासून रणधुमाळी चालली आहे. एक म्हणतो ती सेनापतीची बहीण आहे, एक म्हणतो यंत्रमानव. इंदूरच्या एका मुलीने काहीतरी तिसरंच लिहिलं तर तिला ‘तेरा भी निरंजन कर देंगे’ म्हणून धमकी आली. तुझं नाव आता असं वापरतात. मी ते वाचलं आणि फोन उलटा करून ठेवला.

तरी तुला विचारल्याशिवाय राहवत नाही. अंदाज बांधण्यात तुझा हात कुणी धरणार नाही. मागे उभा आहे तो कोण असेल?

दरवाज्याजवळच्या बांगडीवाल्या शोभाकाकू रोज तुझी चौकशी करतात. काहीतरी बोलायला येतात आणि गिऱ्हाईक आलं की गप्प होतात.

रश्मीताई


तुकईथड
२५ सप्टेंबर

रश्मीताई,

मागे उभा तो कोण, विचारतेस. मला तो सापडला.

आपण सगळे पुढच्यांकडे बघत बसलो, तिथेच चुकलो. मागचा माणूस साधा आहे, राबणारा, कुणाच्या डोळ्यांत न भरणारा. म्हणूनच सुटला. चेहऱ्यावरून नाही, मी त्याला आवाजावरून पकडलं. चूक होणं शक्य नाही. नाव आत्ता लिहीत नाही, आधी बोभाटा नको.

तू फक्त एवढं सांग. ज्याने स्वतः हात उगारला नाही, पण दुसऱ्याला मरायला अडकवून ठेवलं, अशा माणसाचं काय व्हायला पाहिजे?

निरंजन


शनवारा
२ ऑक्टोबर

निरंजन,

वा रे पठ्ठ्या. तुझं पत्र वाचलं आणि मला जुना निरंजन परत मिळाल्यासारखं वाटलं. नाव लिहिलं नाहीस तरी मी ओळखलं. तळावरचा तो म्हातारा मिस्तरी ना? सगळ्यांची यंत्रं दुरुस्त करत फिरतो तो. आवाज म्हणालास म्हणून मी पहिल्या सिरीयलचे जुने भाग पुन्हा लावून ऐकले. असू शकतो.

काय व्हायला पाहिजे, विचारतोस? मारणाऱ्यापेक्षा धरून ठेवणारा वाईट. गोष्ट माझ्या हातात असती तर मी त्याला कोर्टकचेरीपर्यंत जाऊच दिलं नसतं. पहिल्याच भागात त्याचा हात तोडला असता, ज्या हाताने हे केलं तोच.

दिवाळीला येतेच आहे. तेव्हा सगळं सांग.

रश्मीताई


शनवारा
१६ ऑक्टोबर

निरंजन,

हे पत्र जेलच्या पत्त्यावर जाईल. आधी तिथले लोक वाचतील आणि मग तुला देतील, असं वकील म्हणाले.

मामांचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. पुढचं वाक्य फळ्यावर लिहायचं राहिलं ते राहिलंच. मामा एवढंच म्हणत होते, “कोयता हातातून सोडवताना मलाच लागला, पण माझं सोड, पोरी, त्या माणसाचं बघ.”

मी त्या माणसाला दवाखान्यात बघून आले. दगा नाव आहे त्याचं. देडतलाईचा, केळीचे घड उतरवणाऱ्या टोळीतला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. मनगटाच्या शिरा कापल्या गेल्यात, उरलेला हात चालेल की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. मानेजवळ टाके आहेत. त्याची बायको मालूबाई खाटेशेजारी जमिनीवर बसली होती. मी कोण ते सांगितलं तेव्हा ती उठली, मला वाटलं मारते आता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बसली. तिने मारलं असतं तर बरं झालं असतं.

वसंतकाका वकिलांकडे फेऱ्या घालतात. बाप म्हणून आणखी काय करायचं ते त्यांना सुचत नाही. मामा म्हणतात, डोक्याला मार लागला होता, त्याने भ्रम झाला. मला ते पटत नाही. तुझं शेवटचं पत्र शहाण्या माणसाचं होतं.

त्या गरिबाने तुझं काय केलं होतं?

रश्मीताई


जेलमधून
४ नोव्हेंबर

ताई,

तुला ठाऊक होतं असं मला वाटलं होतं.

सप्टेंबरात घड उतरवणाऱ्यांची टोळी बागेत आली. मी खुर्चीत होतो. घड खांद्यावर घेताना एक जण दुसऱ्याला म्हणाला, “हालू नको, गप उभा राह्य.” शनवाऱ्यात मला मागून धरलं तेव्हा कानाशी हाच आवाज होता, “हालू नको, गप पड.” शब्द जवळपास तेच, सूर तोच. आणि केळीच्या चिकाचा वास तोच. तो वास मी तुला लिहिला नव्हता, कारण तोवर माझा मलाच भरवसा नव्हता.

मग मी तुला विचारलं. तू लिहिलंस, हात तोडला असता. ते पत्र मी उशाखाली ठेवायचो.

त्या सकाळी त्याने कोयता बांधावर ठेवला आणि पाणी प्यायला वाकला. मी कोयता उचलला. एका डोळ्याला अंतर कळत नाही, पहिला वार केळीच्या खोडात घुसला. तो वळला. दुसरा मानेजवळ लागला. तो खाली बसला आणि तोंडासमोर हात धरला, तो हात मी तोडला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. बोटं पाचोळ्यात पडली. तो ओरडला नाही. “का रे भाऊ?” एवढंच म्हणाला. मी म्हणालो, “हालू नको, गप पड.” मग मामा आले.

इथे बराकीत अमोलच्या ओळखीची दोन माणसं आहेत. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात भिंतीवर आपटलं, डोळ्याची खाच पुन्हा वाहायला लागली. तरी मला झोप लागते. जे करायचं होतं ते मी केलं. तू तरी मला गरिबाबिरिबाचं सांगू नको.

निरंजन


शनवारा
२३ नोव्हेंबर

निरंजन,

मी सिरीयलबद्दल लिहिलं होतं. झलकेत मागे उभा असलेल्या माणसाबद्दल. तुझं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. तू एका माणसाबद्दल विचारत होतास, मी दुसऱ्याचं उत्तर दिलं. त्या खाटेवर पडलेल्या माणसाला माझं ते वाक्य कसं सांगू?

आता नीट वाच. मी शोभाकाकूंकडे गेले. अमोलची माणसं रोज त्यांच्या दुकानावरून जातात, म्हणून इतके महिने त्या घाबरून गप्प होत्या. दगाभाऊंचं ऐकलं आणि त्या रडायला लागल्या. त्या दिवशी ते केळीच्या गाडीबरोबर शहरात आले होते. काकूंच्या दुकानात मालूबाईंसाठी बांगड्या बघत होते. तुला मारायला लागले तेव्हा सगळे मागे सरले आणि हा एक माणूस पुढे धावला. त्याने तुला मागून आवळलं आणि पायऱ्यांकडे ओढत नेलं. तुझ्यावर ओणवा झाला. हॉकीचे दोन फटके त्याने पाठीवर घेतले. तू धडपडत होतास, म्हणून तो कानात म्हणाला, “हालू नको, गप पड.” मेलास असं वाटलं तर पोरं सोडतील, म्हणून. आणि ती खरंच पळाली. मग त्यानेच तुला रिक्षात घातलं. गाडी सुटेल म्हणून नाव न सांगता निघून गेला.

आई ज्याच्या नावाने दिवा लावायची, तो हा.

मी दगाभाऊंना विचारलं, बागेत याला ओळखलं नाहीत का? ते म्हणाले, “त्या दिशी रगतानं भरेल, फोडेल तोंड व्हतं त्याचं, बाई. वळखू कसं येईन?” पाठीवरचा वळ त्यांनी मालूबाईंना घड पडला म्हणून सांगितला होता.

आता दुसरं, आणि हे लिहिताना मला लाज वाटते. अमोलचे वडील वसंतकाकांकडे येऊन गेले. कपड्याच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात तुला मागून धरलेलं तेवढं दिसतं, पुढे टेम्पो आडवा येतो. त्यांचा सौदा असा: तू अमोलवरचं बयान मागे घ्यायचं. बदल्यात त्याची पोरं सांगतील की दगा त्यांच्यातच होता, तुला धरायला. म्हणजे तुझी शिक्षा जवळपास नाहीशी होते. वकील म्हणाले, यात खोटं काहीच नाही, त्याने धरलं होतंच. शोभाकाकू कोर्टात उभ्या राहायला तयार नाहीत. काका हो म्हणाले आहेत. घरात सगळे मला सांगतात, निरंजनला समजाव.

मी काहीच समजावत नाही. जे झालं ते लिहिलं.

रश्मीताई


जेलमधून
१८ फेब्रुवारी २०२६

ताई,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला इतके दिवस लागले, कारण आधी मी ते खोटं ठरवायच्या मागे होतो. शोभाकाकू म्हाताऱ्या आहेत, त्यांना नीट दिसलं नसेल. दगा हुशार असेल. रोज नवा अंदाज करायचो आणि रोज एका ठिकाणी अडायचो. मला धरल्यानंतर माझ्या अंगावर एकही फटका पडलेला मला आठवत नाही. मी त्याला अंधार म्हणायचो. तो अंधार नव्हता गं, तो माणूस माझ्या अंगावर होता.

पप्पा भेटीला आले होते. म्हणाले, “तू काही बोलूच नको. वकील बोलेल, तू फक्त मान हलव.” मी मान हलवली. त्यांना वाटलं ठरलं.

कोर्टात पेशीच्या दिवशी दगाभाऊ समोर होते. उजवा हात सदऱ्यात घातलेला. त्यांना काय चाललंय ते कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं, कारण अमोल आत आला तेव्हा त्यांनी त्याला ओळखलं आणि दचकून बायकोला मागे सारलं. मी ते पाहिलं. तोवर माझं नक्की नव्हतं, ताई. खोटं कशाला लिहू. सुटायचं होतं मला.

न्यायाधीशांनी आरोप वाचले आणि विचारलं, कबूल आहे का? वकील उठत होते. मी म्हणालो, “साहब, इसने मुझे पकड़ा था, ये सच है. बचाने के लिए पकड़ा था. मैंने इसका हाथ काट दिया.” मग अमोलकडे बघून म्हणालो की मला यानेच मारलं आणि ते बयान मी मागे घेत नाही. साहेबांनी मला पुन्हा विचारलं, कुणी धमकावलं का, समजून बोलतोस का. मी हो म्हणालो, समजून.

पप्पा उठून बाहेर गेले. त्यांची पाठ मला दिसत राहिली.

त्या संध्याकाळी अमोलच्या ओळखीच्या दोघांनी मला न्हाणीच्या फरशीवर पाडलं. बरगडी मोडली, दोन दात गेले. बाकीचे बघत होते, कुणी मध्ये आलं नाही. मी पडल्या पडल्या त्यांचे चेहरे बघत होतो. त्यांच्यावर मला रागही आला नाही. मध्ये पडायला काय लागतं ते मला आता ठाऊक झालंय.

इथल्या टीव्हीवर ‘आरंभ’ लागते. तू कळवलं नाहीस, पण एका पोराने सांगितलं. नुसती प्रेमकहाणी आणि गाणी आहेत, दाराचा विषयच नाही, सगळे शिव्या घालताहेत. मी बघायला गेलो नाही.

दगाभाऊंना काय लिहावं ते सुचत नाही. तू जाशील का?

निरंजन


शनवारा
२९ मार्च

निरंजन,

चार वर्षांची शिक्षा झाली, ऐकलं. तुझी बरगडी कशी आहे ते कळव. अमोलची जमानत रद्द झाली आणि शोभाकाकू परवा स्वतःहून पोलीस थाण्यात जाऊन बयान देऊन आल्या. तू बोललास म्हणून, असं त्या म्हणाल्या. वसंतकाकांनी अजून तुझं नाव घेतलेलं नाही. मी वाट बघते.

मी देडतलाईला गेले. दगाभाऊ ओट्यावर बसून डाव्या हाताने सदऱ्याची बटणं लावायला शिकत होते. मी तुझं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग तुला एका डोळ्याने चालताना ठेच लागते का, एवढं विचारलं आणि पुन्हा बटणाकडे वळले.

टोळीत त्यांच्या जागी आता मालूबाई जातात. मी असतानाच त्या बागेतून आल्या, कोयता हातात, लुगडं चिकाने काळं. कोयता दाराच्या आत ठेवला, मला पाणी दिलं. मी निघाले तेव्हा रस्त्यापर्यंत सोबत आल्या. मला वाटलं, आता काही बरं बोलतील. त्या म्हणाल्या, “कोर्टात खरं बोलला, म्हनून तुले पानी देलं. यांच्या मनात काही नाही. माझ्या मनात हाये. तो सुटून आला आन बागेत माझ्या समोर पडला, तर मी काय करीन ते मले आज सांगता येत नाही. म्हनून येऊ नको म्हना त्याले, कधीच.”

एवढं बोलून त्या घराकडे वळल्या. मी बस येईपर्यंत तिथेच उभी राहिले.

त्यांनी तुला सांगायला सांगितलं, म्हणून शब्द न बदलता लिहिलं.

रश्मीताई